खिडकीला लाल काठ

होळी झाली की आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. गच्चीवर, जिन्याखाली, पडवीत वर्षभर गप्प उभे असलेले पत्र्याचे डबे अंगणात येतात. त्यांच्या टाक्या घासल्या जातात, गंजलेल्या कडांना रंग लागतो, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात. नव्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की एक ओला, गवतासारखा, थोडा मातकट वास घरभर पसरतो. नागपूरच्या माणसासाठी उन्हाळा त्या वासानं सुरू होतो, ऊन नंतर येतं.

काल प्रमोदनं, माझ्या नवऱ्यानं, आमचा कूलर खिडकीला लावला. वास आला आणि मी हातातलं काम ठेवून जरा बसले. या वासानं कुणाला सुट्ट्या आठवतात, कुणाला कैरीचं पन्हं. मला एक उन्हाळा आठवतो, ज्या उन्हाळ्यात मी खिडक्या बनवायला शिकले. भिंतीतल्या नाही, कम्प्युटरच्या पडद्यावरच्या.

त्या वर्षी फाल्गुनात माझ्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात काही दिवस काढून घरी आले, तेव्हा हात चालत होते, पाय चालत होते, बोलणं शाबूत होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "थोडक्यात निभावलं." मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर पहिल्यांदा नीट जेवायला बसले. दोन घास खाल्ले आणि प्रमोदला म्हटलं, "चटणी काहून नाही वाढली? मीठही नाही."

त्यानं हळूच माझं ताट गोल फिरवलं. चटणी, मीठ, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर, सगळं उजवीकडून हजर झालं. ताटाची डावी बाजू पहिल्यापासून वाढलेली होती. ती माझ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

डोळे ठीक होते. पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे दिसतं, ते घ्यायला मेंदूनं नकार दिला होता. लोक विचारतात, तिकडे काळं दिसतं का? काळंसुद्धा दिसत नाही. तुम्हाला तुमच्या डोक्याच्या मागे काय दिसतं? तसंच. तिथे काही नाही हेसुद्धा कळत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. डावीकडून आलेला माणूस एकदम हवेतून उगवायचा. स्कूटी तर त्याच आठवड्यात अंगणाच्या कोपऱ्यात गेली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझं काम वाचायचं होतं.

शहराच्या सदर भागात एक छोटं प्रकाशन आहे, शाळेच्या मुलांसाठी सरावपुस्तकं काढणारं. तिथे मी कित्येक वर्षं मुद्रितं तपासत होते. चुकलेली वेलांटी मला लांबून टोचते. पान हातात घेतलं की कुठे काही खुपतंय हे आधी कळायचं आणि काय खुपतंय ते नंतर. आता मी पान हातात घेतलं, तर ओळी मधूनच सुरू होत होत्या. त्याहून वाईट म्हणजे शब्दही मधून सुरू होत होते. 'अपूर्ण'चं 'पूर्ण' झालं होतं. 'असमान'चं 'समान', 'अयोग्य'चं 'योग्य', 'अनियमित'चं 'नियमित'. आपल्या भाषेत नकार बहुतेक डावीकडे बसतो, एका अक्षरात. माझ्यासाठी जगातले सगळे नकार पुसले गेले होते आणि प्रत्येक वाक्य होकार देत होतं. ऐकायला बरं वाटतं. मुद्रितशोधकाला मात्र त्यानं घाम फुटतो.

प्रकाशनाचे मालक मुकुंदभाऊ घरी भेटायला आले. सज्जन माणूस. चहाचा कप हातात धरून बराच वेळ उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले, "वैशालीताई, तुम्ही यंदा आराम करा. शाळा सुरू व्हायच्या आधी पुस्तकं बाजारात गेली पाहिजेत, तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' या वाक्याला डावी बाजू नव्हती. ते मला पूर्ण दिसलं.

ते गेल्यावर प्रमोद म्हणाला, "बरोबर तर बोलून राहिले ते. आता आराम कर ना. काय अडलं आहे आपलं?" तो हिंगण्याच्या एका कारखान्यात आहे. पहाटे कंपनीची बस पकडतो, दुपार कलल्यावर परत येतो. माझ्या आजारपणात तो माझ्याहून जास्त वाळला होता. त्याचा हेतू मला कळत होता. पण त्या संध्याकाळी मी त्याला एवढंच म्हटलं, "अडलं माझं आहे. मी परत वाचणार." तो उठून पाणी मारायला कूलरकडे गेला.

दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंनी मला एक साधी युक्ती शिकवली होती. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. ओळ वाचण्याआधी डोळे आणि मान डावीकडे न्यायची आणि लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही. "लाल दिसलं की समजा, पानाची कड आली. तिथून वाचा," त्या म्हणायच्या. कागदावर ते जमायला लागलं. हळू, पण जमायला लागलं. 'अपूर्ण' पुन्हा अपूर्ण झालं.

पण आमचं काम आता कागदावर राहिलं होतं कुठे? मुद्रितं पडद्यावर यायची. मी कम्प्युटरच्या पडद्याच्या डाव्या कडेलाही लाल टेप चिकटवली. उपयोग शून्य, कारण पडद्याची कड जागच्या जागी राहते आणि खिडक्या फिरतात. एक खिडकी मध्ये उघडते, दुसरी तिच्यावर थोडी सरकून बसते, तिसरी कुठल्या कोपऱ्यात जाते देव जाणे. माझी ओळ खिडकीच्या काठापासून सुरू होत होती आणि तो काठ मला सापडत नव्हता. आमच्या कम्प्युटरवर मी तासभर शोधलं. रंग बदलता येत होते, अक्षर मोठं होत होतं. पण खिडकीच्या फक्त डाव्या बाजूला जाड लाल काठ द्यायची सोय काही सापडली नाही. तसं कुणाला हवं असेल असं कुणाच्या मनात आलं नसावं.

आणि मग शैलाताई आल्या.

शैलाताई म्हणजे प्रमोदची मोठी बहीण. पॉलिटेक्निकमध्ये कम्प्युटर शिकवतात, लग्न केलं नाही, एकट्या राहतात, कुणाचं ऐकत नाहीत. आमचं दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, पण गप्पाही झाल्या नव्हत्या. त्यांना माझं हळू बोलणं आवडायचं नाही, मला त्यांचं दुसऱ्याचं वाक्य तोडणं. भर दुपारी, डोक्याला ओढणी गुंडाळून, काखेत एक जुना कम्प्युटर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

"प्रमोद फोनवर सांगून राहिला होता. यात लिनक्स आहे, कम्प्युटर चालवायची दुसरी सिस्टीम. यात खिडकीचं नाक-डोळे सगळं बदलता येते. चल, सरक जरा."

नागपुरात एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, बाहेर पांढरं ऊन. त्या अंधाऱ्या खोलीत शैलाताईंनी माझ्या टेबलावर कम्प्युटर लावला आणि भराभर बोटं चालवली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "घे. एकदम मस्त करून दिलं."

मी एक खिडकी उघडली. वाचली. बंद करायला गेले, तर बंद करायची फुलीच नाही.

"ताई, फुली कुठे आहे?"

"डावीकडे. कोपऱ्यात. अन् बाकीची बटणंही तिथंच. उघड्या खिडक्यांची नावं दाखवणारी खालची पट्टीही मी डाव्या कडेला उभी लावली. पंधरा-वीस वर्षं मी अशीच वापरून राहिली. फार सोयीचं पडते."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना अजून कळलं नव्हतं. मग कळलं. त्यांनी जीभ चावली, एकदम पुढे झाल्या आणि माझ्या हातातला माउस घेऊन सगळं उजवीकडे न्यायला लागल्या. बाण पडद्यावर इतका पळत होता की मला तो दिसतच नव्हता. डावीकडे गेला की नाहीसा व्हायचा, परत यायचा, परत नाहीसा. माझं डोकं गरगरलं.

"ताई, माउस सोडा."

"अवं, दोन मिनिटात करून देते ना."

"नको. मला शिकवा. उद्या परत काही हललं तर मी कुणाकडे जाऊ? माझी खिडकी मीच करीन."

शैलाताईंशी मी पहिल्यांदाच असं बोलले होते. त्यांनी माउस टेबलावर ठेवला, माझ्या बाजूला सरकवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "विचार. मी हात नाही लावत."

त्यांनी शब्द पाळला, याचं मला आजही नवल वाटतं. पूर्ण उन्हाळाभर त्या आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी यायच्या, पन्हं प्यायच्या, माझ्या उजव्या हाताला बसायच्या आणि हात लावायच्या नाहीत. मी चुकीच्या जागी गेले की त्यांची बोटं मांडीवर नाचायची. ओठ आवळून त्या बसून राहायच्या. शिकवण्यापेक्षा ते त्यांना जड जात असणार.

बटणं उजवीकडे नेणं सोपं होतं. यादीत टायटल बारचं एक लहानसं चित्र होतं. टायटल बार म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची नावाची पट्टी. त्या चित्रातली बटणं धरून ओढायची आणि हवी तिथे ठेवायची. खालची पट्टी मी पडद्याच्या उजव्या कडेला उभी केली. नवी खिडकी उघडेल ती मधोमध उघडेल असं केलं. बाण मोठा केला. एक कळ दाबली की बाणाभोवती गोल लाट उठेल अशीही सोय निघाली. तळ्यात खडा टाकल्यासारखी लाट उठायची आणि माझा बाण हरवलेल्या बाजूला असला तरी लाटेची उजवी कड मला दिसायची. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मोठ्यानं हसले. आजारपणानंतर मी पहिल्यांदाच तशी हसले असेन, कारण प्रमोद स्वयंपाकघरातून पळत आला.

दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवायची माझी जुनी सवय मी मोडली. पूर्वी डावीकडे लेखकाचा मजकूर आणि उजवीकडे मुद्रित असायचं. आता वर मजकूर, खाली मुद्रित. नजर वर-खाली करायला मला अजून पूर्ण मोकळीक होती. जे शिल्लक आहे ते वापरायचं, हे त्या उन्हाळ्यात मी स्वतःला रोज सांगत होते. जप केल्यासारखं नाही, हुकूम दिल्यासारखं.

राहिला काठ.

शैलाताईंनी मला एक फोल्डर उघडायला लावलं. त्यात पुष्कळ बारीक बारीक चित्रं होती. खिडकीची चौकट त्या तुकड्यांनी बनलेली होती. माथ्याचे तुकडे, कोपरे, डावा काठ, उजवा काठ, तळ. जागी खिडकी आणि झोपलेली खिडकी यांचे तुकडे वेगळे. म्हणजे ज्या खिडकीत आपण काम करतो तिचा रंग एक आणि मागे पडलेलीचा दुसरा.

"हे डाव्या काठाचं चित्र," ताई म्हणाल्या. "चित्र म्हणून नको उघडू. लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघड."

मी उघडलं आणि बघतच राहिले. आत चित्र नव्हतं, अक्षरं होती. वर दोन-तीन ओळींत लिहिलं होतं की अमुक अक्षर म्हणजे अमुक रंग. खाली तीच अक्षरं ओळीनं मांडलेली. एक अक्षर म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. राखाडी काठ म्हणजे एकाच अक्षराची उभी रांग.

"ताई, हे तर मुद्रित आहे."

"मंग? मले वाटलंच होतं तुले आवडंल म्हणून."

इतकी वर्षं मी अक्षरं दुरुस्त करून वाक्यं सरळ केली होती. आता अक्षरं दुरुस्त करून मी काठ विणणार होते. रंगाच्या जागी लाल लिहिला. पहिला लाल विटकरी निघाला. दुसरा गुलाबी. तिसरा लागला तो थेट कुंकवाचा. एका अक्षराऐवजी ओळीत पुष्कळ अक्षरं लिहिली, तेव्हा काठ रुंद झाला. वरच्या आकड्यातही तितकीच रुंदी लिहावी लागते हे मी विसरले आणि सगळ्या खिडक्यांची चौकटच गायब झाली. ना माथा, ना फुली, ना काठ. नुसता मजकूर पडद्यावर तरंगत होता आणि धरून हलवायला काहीच नव्हतं.

त्या दिवशी शैलाताई आल्या नव्हत्या. मी फोन लावला. एरवी त्या म्हणाल्या असत्या, थांब, मी येते. त्या म्हणाल्या, "ऑल्ट दाबून धर अन् खिडकी कुठूनही ओढ. सरकते का?"

"सरकली."

"मंग घाबरून काहून राहिली? आता तुझं तू वाच. कुठंतरी आकडा चुकला असंन." आणि फोन ठेवून दिला.

मी लाल टेप लावलेली मोजपट्टी पडद्यावर धरून एकेक ओळ वाचली. आकडा सापडला. दुरुस्त केला. पुन्हा सुरू केलं तेव्हा खिडकीच्या डाव्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, लाल काठ उभा होता. लुगड्याचा असतो तसा रुंद, ठसठशीत. खिडकी ओढली की काठ तिच्याबरोबर आला. कोपऱ्यात नेली, तिथेही आला. मी मान वळवली, लाल सापडलं, तिथून वाचायला लागले. पहिला शब्द होता 'अचूक'. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. त्यातला 'अ' दर वेळी तिथेच होता.

मग मला चटकच लागली. जाग्या खिडकीचा माथा हळदीच्या रंगाचा केला, झोपलेलीचा राखेच्या. माथ्यावरचं नाव उजवीकडे सरकवलं, कारण डावीकडचं नाव मला अर्धंच दिसायचं. माथ्याची पट्टी इतकी जाड केली की पडद्यावर वाचायला जागाच उरली नाही, मग पुन्हा बारीक केली. प्रमोद एकदा मागे उभा राहून म्हणाला, "हे काय करून राहिली वं, नवरीसारखी सजवून राहिली सगळ्या खिडक्यांना."

मला न दचकवता तो असा मागे येऊन उभा राहिला, ही त्याची त्या उन्हाळ्यातली कमाई. सुरुवातीला तो कामावरून येऊन सवयीनं डावीकडून जवळ यायचा आणि मी दचकायची. हातातलं काही तरी दर वेळी सांडायचं. एकदा गरम दूध सांडलं. त्यानंतर तो दारातूनच, शहर बसच्या कंडक्टरसारखा, ओरडत यायला लागला, "डावीकडून येऊन राहिलो!" शेजारच्या काकूंना वाटलं, आमचं काही बिनसलं आहे. मी त्याला थांबवलं नाही. माझ्या आजाराला त्यानं दिलेलं ते उत्तर होतं, आणि आरामाची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

सगळंच जमलं असं नाही. काही प्रोग्रॅम हट्टी असतात. ते आपला माथा आपणच रंगवून येतात आणि घराची चौकट मानत नाहीत. मुद्रितं बघायचा माझा आवडता प्रोग्रॅम नेमका तसला निघाला. त्याच्या खिडकीला माझा काठ चढेना. दोन दुपारी मी त्याच्याशी झगडले आणि तिसऱ्या दुपारी त्याला काढून टाकून एक साधा, जुना, आज्ञाधारक प्रोग्रॅम घेतला. नवतपा सुरू होता. उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस. नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. त्याच दिवसांत कम्प्युटरनं स्वतःची डागडुजी, म्हणजे अपडेट, केली आणि सकाळी बघते तर काठ गेलेला. राखाडी, जसा पहिल्या दिवशी होता तसा. मी माझे तुकडे यंत्राच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवले होते. डागडुजीत ते झाडून निघाले.

मी रडले नाही. रडायला मला वेळ नव्हता, कारण त्याच सकाळी मी मुकुंदभाऊंना फोन करायचं ठरवलं होतं. आधी काठ पुन्हा लिहिला. या वेळी तो माझ्या स्वतःच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवला, जिथे डागडुजीचा हात पोहोचत नाही. मला रंग पाठ होता. मग फोन लावला.

"एक पुस्तक द्या," मी म्हटलं. "चौथीचं द्या. दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या आणि मग माझं बघा."

मुकुंदभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या डोळ्यांना त्रास…"

"त्रास होईल तो माझा होईल. पुस्तकाला नाही होणार."

त्यांनी चौथीचं परिसर अभ्यासाचं सरावपुस्तक पाठवलं. मी पूर्वीपेक्षा फार हळू वाचत होते. लालपर्यंत जायचं, ओळ धरायची, शेवटपर्यंत जायचं, पुन्हा लालपर्यंत यायचं. मान दुखायची. दुपारी कूलरच्या झोतात बसूनही पाठीवर घाम असायचा. पण हळू वाचण्याचा एक गुण निघाला. पूर्वी सराईत नजर ओळीवरून घसरत जायची, आता प्रत्येक ओळीला मी नव्यानं जाऊन भेटत होते. एका प्रश्नात 'सजीव' छापलं होतं आणि खालची उत्तरं सगळी निर्जीव वस्तूंची होती. 'नि'सुद्धा नाही, रफारसुद्धा नाही. मी दोनदा लालपर्यंत गेले. माझं दिसणं चुकतंय की पुस्तक? पुस्तक चुकत होतं. मी खूण केली.

एक चूक माझ्याकडूनही राहिली. डाव्या पानांवरचे पानक्रमांक कोपऱ्यात असतात, लाल काठाला अगदी चिकटून, आणि त्यातला एक चुकला होता. दुसऱ्या तपासनिसानं तो पकडला. मुकुंदभाऊंनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि मला बरं वाटलं. दया दाखवायची असती तर ते बोलले नसते.

"पण बाकीचं…" ते म्हणाले, "ते 'सजीव' तुम्ही पकडलं, दुसऱ्यांकडून सुटलं होतं. अर्धी पुस्तकं तुम्ही करा. घरून करा. अन् पानक्रमांक शेवटी वेगळे बघा."

आजही मी तसंच करते. पानक्रमांक शेवटी, वेगळे. अर्धी पुस्तकं. स्कूटी भाच्याला देऊन टाकली. गर्दीच्या बाजारात मी एकटी जात नाही. गेलेली बाजू परत आली नाही, डॉक्टर म्हणतात आता येणार नाही. हे मी अधूनमधून स्वतःशी मोठ्यानं म्हणून बघते. पहिल्यासारखं लागत नाही.

आता ज्या माणसामुळे मी हे सगळं लिहायला बसले, त्याच्याबद्दल. वासुदेवराव काटोलकडचे. संत्र्याची बाग मुलाच्या हवाली करून सध्या उपचारासाठी नागपुरात दुसऱ्या मुलाकडे राहतात. मागच्या महिन्यात थेरपिस्ट बाईंकडे भेटले. त्यांनाही माझ्यासारखाच झटका आलेला, पण त्यांची उजवी बाजू गेली आहे. मला शब्दांची सुरुवात हरवायची, त्यांना शेवट हरवतो. ओळ कुठवर जाते तेच त्यांना कळत नाही. तोंडासमोर भिंत असल्यासारखे ते शब्दाच्या मध्यात थांबतात.

त्यांच्या पत्नी शांताबाई बरोबर होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या मला म्हणाल्या, "बाई, लग्न झाल्यापासून रोज सकाळी हे पेपर मोठ्यानं वाचत अन् मी ऐकत भाजी चिरो. जगात काय चाललं ते मले यांच्या तोंडूनच कळे. आता हे पेपरले हातच नाही लावून राहिले."

वासुदेवराव जमिनीकडे बघत होते. "अर्धं वाचून काय सांगू तिले?" ते म्हणाले. "परवा वाचलं, मंत्र्यांनी राजी… म्हटलं राजी झाले. मंग पोरानं सांगितलं, राजीनामा देल्ला."

कुणीच हसलं नाही. मग शांताबाईच हसल्या आणि आम्ही सगळे हसलो.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. प्रमोदनं सोडलं. शैलाताईंनी वासुदेवरावांच्या मुलाच्या जुन्या कम्प्युटरवर आदल्या दिवशी लिनक्स घालून ठेवलं होतं. पुढचं माझं होतं. मी फोल्डर उघडलं. डाव्या काठाचा तुकडा जसा होता तसा सोडला आणि उजव्या काठाचा उघडला. लाल तिथे लिहिला. बटणं डावीकडे, पट्टी डावीकडे, नाव डावीकडे. वर्तमानपत्राची खिडकी अरुंद केली, म्हणजे ओळी आखूड झाल्या आणि काठ जवळ आला. वासुदेवराव मध्येच म्हणाले, "मले दाखवा, मी करतो." मी माउस त्यांच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर घेतले.

बसण्याचा प्रश्न आपोआप सुटला. त्यांना उजवीकडचं दिसत नाही, म्हणून मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. मला डावीकडचं दिसत नाही, म्हणून ते माझ्या उजव्या हाताला हवे होते. एकाच बाकावर आम्ही एकमेकांना पूर्ण दिसत होतो.

"काठ दिसल्याशिवाय थांबायचं नाही," मी म्हटलं. "शब्द संपला असं वाटलं तरी पुढे जायचं. लाल येईपर्यंत."

शांताबाई विळी घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. समोर वांगी होती. वासुदेवरावांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. शब्दाच्या मध्यात अडखळले. मान उजवीकडे नेली. आणखी थोडी नेली. लालपर्यंत गेले, परत आले. अख्खी ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीच्या शेवटी ते थांबले आणि चष्मा काढून पुन्हा पुसायला लागले.

शांताबाईंनी विळीवरून मान वर केली नाही.

"मंग?" त्या म्हणाल्या. "पुढचं वाचा ना."